सांगितल्याशिवाय बाहेर यायचं नाही

भिंगरीला एका जागी बसवून दाखवा, असं आव्हान तिच्या नवऱ्यानं लग्न झाल्या झाल्या सगळ्या नातेवाइकांना दिलं होतं, आणि ते आजवर कोणी स्वीकारलेलं नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सकाळी डोळ्याला भिंग लावून जो खुर्चीत बसायचा तो जेवणाची हाक आल्यावरच उठायचा. ही मात्र जेवतानाही मीठ आणायला एकदा, पाणी आणायला एकदा आणि काही कारण नसताना एकदा उठणार. बाईच्या पायाला भिंगरी लागलीय, असं सासू म्हणाली आणि तेच नाव चिकटलं. खरं नाव कोणी विचारलं तर तिला स्वतःलाच क्षणभर थांबावं लागे.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं? पलंगाखाली आडवं पडून राहायचं. हूं नाही की चूं नाही.

ती कामाला होती ती इमारत पूर्वी बियाण्यांचं गोदाम होती. आता तिथं लढाईतून वाचलेली मुलं राहत. काहींचं कोणीच उरलं नव्हतं, काहींचं कोणी उरलंय का ते शोधणं चालू होतं. मुलांनी थोडे महिने इथं राहायचं, जरा सावरायचं, मग नातलग सापडले तर त्यांच्याकडे जायचं आणि नाही सापडले तर दूरच्या शहरातल्या मोठ्या वसतिगृहात. त्या वसतिगृहात एकेका खोलीत एवढे पलंग होते की मधून चालायचं तर अंग चोरावं लागे. भिंगरी एकदा तिथं जाऊन आली होती आणि तेव्हापासून त्याचं नाव काढलं की तिचं डोकं उठायचं.

गोदामातले नियम वेगळेच होते. कोणत्याही मुलाच्या पाठीमागून जायचं नाही. दार आपटायचं नाही. दिवा घालवायच्या आधी सांगायचं. आचाऱ्याच्या कुकरची शिटी काढून घेतली तेव्हा तो असा रुसला, जणू त्याचं नाकच कापलं होतं. "डाळ शिजलीय हे मला कळणार कसं? स्वप्नात येऊन सांगेल?" असं म्हणत तो अजूनही सगळं पातेल्यात शिजवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

सगळ्यात मोठा नियम खेळाचा होता, आणि तो घातला होता डॉक्टरीणबाईंनी. मुलांच्या मनाच्या डॉक्टर होत्या त्या. हळू बोलायच्या आणि कमी बोलायच्या, त्यामुळे भिंगरीला त्यांच्यासमोर उभं राहिलं की उगाच काहीतरी पुसायला हवंसं वाटे. त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: "मूल खेळायला बोलावेल तर जायचं. खेळ त्याचा आहे. जे काम दिलं ते करायचं, आपल्या मनानं बोलायचं नाही, आणि काही झालं तरी शेवट बदलायचा नाही."

भिंगरीला खेळायला बोलावणारी होती मुकादम. आठेक वर्षांची, काटकुळी, कपाळावर कायम आठी. बोलायची ते हुकूम सोडल्यासारखं. "बादली उचल." "तू तिकडे हो." म्हणून भिंगरीनंच तिचं नाव मुकादम ठेवलं होतं, आणि तिनं ते काही न बोलता घेतलं होतं. बाकीची मुलं भिंगरीला मावशी म्हणायची. मुकादम नाही म्हणायची. "मला मावशी आहे. आईची बहीण. खरीखुरी," असं तिनं पहिल्याच आठवड्यात ठणकावून सांगितलं होतं, आणि त्यावरूनच त्या मावशीचा शोध सुरू झाला होता.

ढिगारे उपसणाऱ्या माणसांना मुकादम सापडली ती एका पलंगाखाली. बाहेर ये म्हटलं तर येईना. खाऊ दाखवला, पाणी दाखवलं, येईना. शेवटी एकानं मनगट धरून ओढून काढली, तेव्हा ती त्याला कडकडून चावली. आई गल्लीच्या तोंडाशी सापडली होती, हातात पाण्याचा डबा धरलेली. मुलीला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिथंही डॉक्टरीणबाईंचा नियम होता. विचारण्याआधी लादायचं नाही, विचारल्यावर खोटं बोलायचं नाही.

इथं आल्यापासून मुकादम पलंगाखालीच झोपायची. सगळ्यांनी समजावून झाल्यावर भिंगरीनं मुकाट्यानं गादी खाली सरकवली.

दुपारी जेवणं उरकली की खेळाच्या खोलीत तिचा खेळ सुरू व्हायचा. कोपऱ्यात एक लोखंडी पलंग होता. कपाटातला कोणाचा तरी मोठा कोट मुकादम अंगावर चढवायची. तो घातला की ती आई. भिंगरी तिची मुलगी.

"आत जा," मुकादम म्हणायची.

भिंगरी गुडघे, कंबर आणि देवाला आठवत पलंगाखाली शिरायची. मग मुकादम वाकून तिच्या तोंडावर आपला तळहात दाबायची. घट्ट. "मी सांगितल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

मग ती जायची. खोलीभर फिरायची. खोटा स्वयंपाक करायची, खऱ्या चादरींच्या घड्या घालायची, दारापर्यंत जाऊन बाहेर डोकवायची. पलंगाकडे मात्र परत कधीच यायची नाही. भिंगरीला तिथून फक्त तिचे पाय दिसत. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात करडा. ते पाय दारापाशी जाऊन थांबत, वळत, परत दारापाशी जात. संध्याकाळी दुधाची वेळ झाली की बाकीची पोरं आरडाओरडा करत आत घुसत आणि खेळ तसाच मोडून जाई. बाहेर ये, असं कोणी म्हटलेलंच नसायचं.

आत पडल्या पडल्या भिंगरीला काय काय व्हायचं ते तिचं तिला ठाऊक. आधी नाक खाजे. मग पोटरीत गोळा येई. मग आठवे की वरच्या मजल्यावरचा नळ आपण नीट बंद केला नाही. शेवटी सगळ्या अंगात ऊठ ऊठ असं काहीतरी सुरू होई. घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणायची, "तू ये त्या पलंगाखाली. तुझी तर हाडंच खुर्चीची आहेत." तो हसायचा. एकदा भिंग काढून म्हणाला, "पण त्या पोरीनं तुलाच बोलावलं. मला नाही." त्यावर ती ओटा पुसायला उठली.

आणि मग मावशी सापडली.

दूरच्या गावात शिवणकामाच्या कारखान्यात होती. मुलगी रांगत होती तेव्हा ती गाव सोडून गेलेली. बातमी आली तशी सबंध गोदामात धावपळ उडाली. आचाऱ्यानं तर गोड करायचं ठरवूनही टाकलं. पण मावशीला रजा जेमतेम मिळणार होती. येणार, एक दिवस राहणार आणि मुलीला घेऊन जाणार. मूल आपल्या पायांनी निघालं तरच द्यायचं, ओढून नेऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंचं ठरलेलं. नाही निघालं तर? महिनाअखेर मुक्काम संपत होता. मग ते वसतिगृह.

मुकादमला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. एवढंच. आणि जेवून उठल्यावर कोट चढवून म्हणाली, "आत जा."

ते दिवस भिंगरीनं कसे काढले ते विचारू नका. तिचा जीव टांगणीला लागला होता. जिना चढताना विसरायची की कशाला चढतोय, उतरताना आठवायचं, परत चढायची. मुलांच्या वेण्या घालताना इतकी घट्ट ओढायची की पोरींचे डोळे तिरपे व्हायचे. पोर अजून पलंगाखाली झोपते, गाडीचं दार बंद झालं की किंचाळते, आणि उद्या तिला गाडीत बसून जायचंय! आणि आपण काय करतोय? पडून राहतोय! तिला स्वतःचाच राग येई.

मावशी यायच्या आदल्या दुपारी ती पलंगाखाली होती. निळा मोजा दारापाशी गेला, थांबला, वळला. परत गेला, थांबला, वळला. भिंगरीच्या मनात आलं, एकदा, फक्त एकदा या पोरीला दिसायला हवं की बाहेर आलं तरी काही होत नाही. बास. एवढंच दिसलं की गाठ सुटेल. आणि मनात आलं आणि हातून झालं यांच्यामध्ये भिंगरीच्या बाबतीत कधीच फारसं अंतर नसे.

ती सरपटत बाहेर आली, उभी राहिली, हात पसरून म्हणाली, "ही बघ आले! काही झालं का? काही झालं नाही!"

  मुकादमच्या अंगावरचा कोट खाली गळून पडला. मग ती वाकली आणि पलंगाखाली पार भिंतीच्या टोकाला जाऊन बसली, गुडघ्यांत डोकं घालून. दूध आलं, गेलं. आचारी स्वतः वाटी घेऊन आला, पातेल्याबद्दल एक अक्षर न बोलता जमिनीवर बसला आणि तसाच परत गेला.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भिंगरीला वाटलं, आता या रागावतील तर बरं होईल.

"तिच्या खेळात न सांगता बाहेर येणारी मुलगी मरते," त्या म्हणाल्या. "तिच्या लेखी तुम्ही मेलात."

"पण मी तर इथं उभी आहे," भिंगरी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. थोराड बांध्याची, हातात एकच पिशवी, प्रवासानं पाय सुजलेले. डॉक्टरीणबाईंनी तिला कार्यालयात बसवून काय झालंय ते सरळ सांगितलं. भिंगरी दारात उभी होती. आपला गुन्हा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, आणि पळूनही जायचं नाही, अशी तिची अवस्था झाली होती.

मावशी थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "एक करता येईल. माझा आणि ताईचा आवाज अगदी सारखा होता हो. भावोजी होते तेव्हा तेसुद्धा फोनवर फसायचे. मी दाराबाहेरूनच हाक मारते. ताईसारखी. ये बाळा बाहेर, म्हणते. येईल ती."

 भिंगरीच्या पायांना तर लगेच निघावंसं वाटलं. येईल! नक्की येईल! गाडी तयार आहे, पोर मावशीच्या कुशीत बसेल, सगळं एका हाकेत होईल.

"नको," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "नका मारू हाक. ती धावत येईल हो, पण दारात आई नसेल. मग ती कोणाचं ऐकेल जन्मात? काल मी घाई केली, त्याचं काय झालं ते बघतेच आहे मी."

मावशीनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"मलाही मोह झाला होता," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पण नको."

"मग काय करायचं?" मावशी रडवेली झाली. "मला उद्या निघायचंय!"

"आडवं पडायचं," भिंगरी म्हणाली. "या माझ्याबरोबर."

खेळाची खोली बाकीच्या मुलांसाठी त्या दिवशी बंद ठेवली. भिंगरी पलंगाखाली शिरली. तिच्यामागून मावशी शिरायला लागली आणि अर्ध्यात अडकली. शेवटी पोट आत ओढून, कोपर खरचटून, कशीबशी आली. मावशीला ताकीद दिली होती की आवाज काढायचा नाही. डॉक्टरीणबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या.

आत धूळ होती, एक फुटका खडू होता, आणि भिंतीकडेला, कालपासून तिथंच असलेली, मुकादम होती. तिनं डोळे उघडून पाहिलं आणि परत मिटले.

वेळ जाता जात नव्हता. भिंगरीचं नाक खाजलं. तिनं खाजवलं नाही. पोटरीत गोळा आला आणि बराच वेळ राहिला. वर कोणीतरी बादली ओढत नेली. नळ बंद केला होता का? असू दे चालू, वाहू दे सगळं गाव, असं तिनं मनाला सांगितलं आणि ती हलली नाही. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवरून सरकत पलंगाच्या पायापाशी आलं. मावशीच्या पोटात भूक गुरगुरली आणि तिनं लाजून डोळे घट्ट मिटले. भिंगरीचा उजवा पाय आधी मुंग्यांनी भरला, मग तो पाय आपला आहे हेच कळेनासं झालं.

"तू मेलीस ना?" भिंतीकडून कुजबुज आली.

"नाही गं," भिंगरी तशीच कुजबुजली. "चुकले मी. न सांगता बाहेर आले. आता परत आत आलेय. तू सांगितल्याशिवाय नाही येणार."

"खोटं."

"बघ मग. आहे मी इथंच."

 मग मावशीचा धीर सुटला. तिनं खूप आवरलं, पण एक हुंदका निसटलाच. मुकादम सरपटत पुढे आली आणि तिनं मावशीच्या तोंडावर तळहात दाबला. घट्ट.

मावशी दचकली. मग तिनं तो छोटा हात दोन्ही हातांत धरला, तोंडावरून काढला नाही, नुसता धरला. बऱ्याच वेळानं हात जरा सैल झाला तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "असंच करायची ती. आम्ही लहान असताना, मला हसू आवरेना की ताई अस्साच हात दाबायची."

कुजबुजताना सगळ्यांचेच आवाज सारखे असतात. तरी मुकादम तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेली.

"तू कोण?"

"मी मावशी. तुझी."

"खरीखुरी?"

"हो."

मुकादम तिच्याकडे बघत राहिली. कपाळावरची आठी होती तशीच होती. भिंगरीला वाटलं, आता ही परत भिंतीकडे जाईल. काहीतरी बोलावंसं तिला इतकं वाटत होतं की तिनं जीभ दातांखाली धरली.

"आई कुठंय?" मुकादमनं विचारलं.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मावशीनं भिंगरीकडे पाहिलं आणि भिंगरीनं होकारार्थी मान डोलावली.

"आई गेली, बाळा," मावशी म्हणाली. "ती पाणी आणायला गेली होती, तिथंच गेली. ती तुझ्याकडे परत येणार होती. तिला येता आलं नाही."

"म्हणजे ती सांगायला येणार नाही."

"नाही येणार."

मुकादम रडली नाही. फुटका खडू तिनं उचलला आणि परत होता तिथं ठेवला. मग भिंगरीच्या अंगावरून सरपटत ती बाहेर गेली. तिचं कोपर भिंगरीच्या बरगडीत बसलं तरी भिंगरीनं हूं केलं नाही.

आता आतून फक्त तिचे पाय दिसत होते. निळा मोजा आणि करडा मोजा. ते दारापाशी गेले. थांबले. दाराबाहेर स्टूल किंचित करकरलं आणि गप्प झालं. पाय कितीतरी वेळ तिथंच होते. 

मग पाय वळले आणि सरळ पलंगाकडे आले. गुडघे टेकले गेले. मुकादमचा चेहरा आडवा होऊन आत डोकावला, आणि आता त्यावरून पाणी वाहत होतं.

"या," ती म्हणाली. मोठ्यानं. "आता या बाहेर."

मावशी निघाली. धडपडत, खरचटत, केस धुळीनं माखलेले, ती बाहेर आली आणि जमिनीवरच बसली. तिनं हात पुढे केला नाही. नुसती बसून राहिली. थोड्या वेळानं मुकादमनं तिच्या केसांतली धूळ झटकली, मग आपलं डोकं तिच्या मांडीवर टाकलं आणि ती अशी रडली की दाराबाहेरच्या डॉक्टरीणबाईंनीही डोळ्यांना रुमाल लावला.

भिंगरी आतच होती. जन्मात पहिल्यांदा तिला उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. उजवा पाय म्हणजे नुसतं लाकूड झालं होतं. तिनं कोपरावर जोर दिला, जागची हलली नाही. परत दिला.

रडणं मध्येच थांबलं.

"भिंगरी?" मुकादमचा आवाज आला. आणि लगेच दुसऱ्यांदा, घाबरून, "भिंगरी! सांगितलं ना मी? ये की!"

"आले गं, आले!" भिंगरी घाईघाईनं ओरडली. "जिवंत आहे मी! पाय झोपलाय तेवढा!"

निळा मोजा आणि करडा मोजा धावत आले. मुकादमनं वाकून तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, दात-ओठ खाऊन जोर लावला आणि तिला बाहेर ओढून काढलं.